मागची अर्धी गाडी: कॅडिलॅकच्या शववाहिन्या, रुग्णवाहिका आणि लिमोझिन

जुनी अमेरिकन कॅडिलॅक शववाहिनी विकायला निघाली की बघायला आलेला माणूस आधी बोनेट उघडतो. इंजिन लागतं का, गिअर पडतात का, बंपरवरचं क्रोम किती शिल्लक आहे. हे सगळं शेवटी बघितलं तरी चालतं. १९५९ च्या गाडीतलं ३९० घन इंचाचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन कॅडिलॅकने त्या एका वर्षात १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्यांत बसवलं. पिस्टन, रिंगा, पाण्याचा पंप, कार्ब्युरेटरचं किट, सगळं अमेरिकेत आजही घरपोच येतं. पैसा आणि वर्षं जिरतात ती ड्रायव्हरच्या पाठीमागे. कारण तो भाग कॅडिलॅकने बनवलेलाच नाही.

कॅडिलॅक ‘कमर्शिअल चॅसिस’ नावाची अर्धवट गाडी विकायची. तोंड पूर्ण: ग्रिल, बोनेट, पुढची मडगार्डं, डॅशबोर्ड, स्टिअरिंग. त्याच्या मागे नुसती उघडी फ्रेम. मागचा बंपर, टेललाइट आणि शेपटासारख्या पंखांचे पत्रे सुटे यायचे. १९५९ च्या साध्या सेडानचा व्हीलबेस १३० इंच, या चॅसिसचा १५६. आपल्याकडच्या मारुती ओम्नी रुग्णवाहिकेची अख्खी लांबी ३,३७० मिलिमीटर आहे. या कॅडिलॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं नुसतं अंतर ३,९६२. पूर्ण गाडी जवळपास २१ फुटांची. फ्रेम जाड, स्प्रिंगा कडक, ब्रेक आणि मागचा एक्सल वजनदार कामाचे. म्हणून ‘कॅडिलॅक कापून शववाहिनी केली’ हे बहुतेक वेळा चुकीचं असतं. ती जन्मल्यापासून याच कामाची होती.

ही अर्धी गाडी जायची ती बॉडी बांधणाऱ्यांकडे, आणि त्यातले मोठे बरेचसे ओहायो राज्यात होते. लिमा गावात सुपीरिअर, पिक्वात मिलर-मीटिअर, सिनसिनाटीत ‘एस अँड एस’ या नावाने विकणारे हेस अँड आयझेनहार्ट. इलिनॉयमध्ये रॉक फॉल्सला युरेका. इतर कंपन्यांच्या चॅसिसवर बांधणारेही होते: ब्यूइकवर फ्लेक्झिबल, ऑल्ड्समोबीलवर कॉटनर-बेव्हिंग्टन, आणि १९५४ पर्यंत पॅकार्डवर हेनी. १९५९ साली कॅडिलॅकने अशी सुमारे २,१०० चॅसिस दिली. ती इतक्या जणांत वाटली गेली, आणि प्रत्येकाकडे पुन्हा शववाहिनी, रुग्णवाहिका, दोन्ही कामांची गाडी, फुलांची गाडी असे प्रकार, त्यातही छपराची उंची वेगळी, दारांची मांडणी वेगळी. म्हणजे हातात असलेल्या गाडीसारखी तंतोतंत दुसरी गाडी सुट्या भागांसाठी भंगारात सापडेल ही आशा सोडून द्यायची. मिलर-मीटिअरचं मागचं दार सुपीरिअरला बसत नाही. कधीकधी मिलर-मीटिअरचं दार दुसऱ्या मिलर-मीटिअरलाही नीट बसत नाही, कारण फटी हाताने, शिसं ओतून जुळवलेल्या असत.

प्रकारांमध्ये सगळ्यात डोकेबाज गाडी म्हणजे दोन्ही कामांची, ज्याला तिथे ‘कॉम्बिनेशन’ म्हणत. छोट्या गावात माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी गाडी फक्त अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाकडे असायची, म्हणून रुग्णवाहिकाही तोच चालवायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेतली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा लोकांच्या हातात होती. हितसंबंधांचा प्रश्न सरळ दिसतो, पण पर्याय नव्हता. दोन गाड्या परवडत नसत, म्हणून एकीचीच दुसरी व्हायची.

कॉम्बिनेशनची मागची फरशी बघण्यासारखी असते. तिच्या फळ्या उलटता येतात. एका बाजूला शवपेटी सरकवायला रबराचे फिरते रूळ, म्हणजे रोलर, आणि पेटी जागच्या जागी धरणाऱ्या खिट्ट्यांसाठी भोकांच्या धातूच्या पट्ट्या. फळी उलटली की वर सपाट लिनोलियम, त्यावर स्ट्रेचरची चाकं फिरतात. मदतनिसाची खुर्ची दुमडून फरशीत गडप होते. छपरावरचा लाल दिवा काढून ठेवता येतो, त्याच्या प्लगवर बसवायचं झाकण वेगळं असतं. मागच्या खिडक्यांवर आतून-बाहेरून बसणारे पॅनेल, त्यावर घोडागाडीच्या दुमडत्या टपाची आठवण देणारी इंग्रजी ‘एस’ आकाराची शोभेची धातूची पट्टी. पॅनेल बसवलं की शववाहिनी, काढलं की रुग्णवाहिका. माहीतगार हाताला यात फार वेळ लागत नाही. अशी गाडी विकत घेताना या सुट्या वस्तू मोजून घ्यायच्या: पॅनेलची जोडी, दिव्याचं झाकण, खिट्ट्या, फळ्यांचे स्क्रू. मालकाने ‘गोडाऊनमध्ये कुठेतरी असतील’ असं म्हटलं तर त्या नाहीत असं धरून किंमत लावावी. खिट्ट्या लेथवर करून घेता येतात, पॅनेल मात्र त्या खिडकीच्या घडणीवर हाताने घडवावं लागतं.

निव्वळ शववाहिनीत पेटी मागून चढवायची की बाजूने, यावर किंमत बदलते. मागून चढवायची गाडी साधी. बाजूने चढवायच्या गाडीत फूटपाथच्या कडेलाच पेटी आत जाते, पेटी उचलणाऱ्यांना रस्त्यात उतरावं लागत नाही, पण त्यासाठी आत फिरतं-सरकतं टेबल असतं. मागून आणि दोन्ही बाजूंनी चढवता येणाऱ्या टेबलाला ‘थ्री-वे’ म्हणत. हे टेबल अडकलं तर सहसा रूळ नाही, खालचा मार्ग दोषी असतो: साठ वर्षांचं वाळलेलं ग्रीस आणि फुलांच्या कुंड्यांतून सांडलेल्या पाण्याचा गंज. विजेवर चालणारं टेबल असेल तर मोटरला थेट बॅटरी लावण्याआधी टेबल हाताने पूर्ण फिरतं का ते बघायचं. नाहीतर पहिला बळी गिअरच्या दात्यांचा.

फुलांची गाडी दिसायला पिकअपसारखी. मागे स्टेनलेस स्टीलचा उघडा हौदा, त्यावर पुष्पचक्रं रचायची, आणि बऱ्याच गाड्यांत त्या हौद्याच्या खाली शवपेटी मावेल एवढा बंद कप्पा. काचा नसलेली, बंद पत्र्याची गाडी म्हणजे सर्व्हिस कार. पार्थिव आणणं, खुर्च्या आणि सामान वाहणं ही तिची कामं. दोन्ही प्रकार कमी बनले, आज दुर्मीळ आहेत.

आता गाडी तपासायची रीत. सोबत टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, जाड दाभण आणि स्क्रूड्रायव्हर घ्यावा. आधी मागची फरशी. तिच्या प्लायवुडच्या फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतात. मालकाची परवानगी घेऊन किमान एक उचलायचीच. खालचा पत्रा चाळणी झालेला असला तरी वरून लिनोलियम चकचकीत दिसतं. पाणी येतं तीन वाटांनी: मागच्या दाराचं बीडिंग, बाजूच्या काचांच्या खालच्या कडा, आणि छपराची पन्हळ. मग मागच्या चाकाच्या मागचा भाग आणि बॉडी फ्रेमवर जिथे बसते ते आधार. आधार कुजले की बॉडी मागे खाली बसते, आणि याची खूण खाली वाकून बघण्याआधीच दिसते: मागच्या दाराची वरची फट रुंद, खालची गायब.

छपरावर व्हिनाइलचं, म्हणजे चामड्यासारख्या प्लास्टिकचं, आवरण असेल तर हाताच्या तळव्याने दाबत जायचं. खाली कुरकुर आवाज आला किंवा फोड लागला तर तो गंज समजायचा. व्हिनाइलखालच्या स्पंजात ओलावा वर्षानुवर्षं राहतो. शिवणींच्या बाजूने आणि काचांच्या कडेने चुंबक फिरवावं. धरलं नाही तर खाली पुटी किंवा शिसं आहे. शिसं मूळ बांधणीतलं असू शकतं, ते घाबरायचं कारण नाही. बोटभर जाडीची पुटी मात्र कुणीतरी भोक झाकलंय हे सांगते. शिसं घासायची वेळ आली तर मास्क लावून, ओलं करून घासायचं. त्याची धूळ विषारी असते.

लाकूड हा वेगळा विषय. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच बॉड्या लाकडी सांगाड्यावर पत्रा मढवून केलेल्या, आणि युरेकाने तर त्यानंतरही बरीच वर्षं लाकूड सोडलं नाही. अशा गाडीत दाराच्या बिजागरीचा स्क्रू फिरवून बघायचा. तो नुसताच फिरत राहिला तर आतलं लाकूड पीठ झालंय. दाभण खांबाच्या खालच्या टोकाला टोचायचं. पत्रा उत्तम आणि आत काहीच नाही, असा प्रकार यात सर्रास असतो. सांगाडा नव्याने करायचा तर जुने कुजके तुकडेही फेकायचे नाहीत, त्यांच्यावरूनच माप निघतं. एका वेळी एकच खांब बदलायचा, बाकीची बॉडी आतून आडव्या-तिरक्या पट्ट्या वेल्ड करून जखडून ठेवायची. सगळं एकदम मोकळं केलं तर दारं पुन्हा कधीच लागत नाहीत.

मागचं दार जड, एका बाजूला उघडणारं, आणि त्याचं सगळं वजन बिजागऱ्यांवर. दार अर्धं उघडून खालून वर उचलून बघावं. हललं तर पिना झिजल्यात. पिना आणि बुश लेथवर करून मिळतात, स्वस्त काम आहे. पण बिजागरी ज्या पत्र्याला धरली आहे तोच फाटला असेल तर आतून जाड पट्टी घालून वेल्डिंग करावं लागतं, आणि त्यासाठी आतलं सगळं कापड उतरवावं लागतं.

काचांबाबत एकच नियम: सपाट काच तुटली तरी चालेल, वाकवलेली तुटता कामा नये. बाजूच्या लांब खिडक्या बहुधा सपाट असतात. पुठ्ठ्याचं माप काढून लॅमिनेटेड काच कुठेही कापून मिळते. कोपऱ्यातली गोलाई असलेली काच मिळत नाही, घडवून घ्यायची तर गाडीच्या किमतीचा मोठा वाटा तिथेच जातो. पुढच्या काचेचंही गृहीत धरू नये. काही वर्षांच्या मॉडेलांत उंच छपरामुळे ती सेडानपेक्षा वेगळी असते, तेव्हा मापल्याशिवाय मागवायची नाही. रबराच्या बीडिंगला मूळ नंबर नसतो. जुन्याचा इंचभर तुकडा कापून त्याच्या आकाराशी जुळणारं रिळावरचं रबर घ्यायचं.

क्रोमच्या शोभेच्या वस्तू, म्हणजे ‘एस’ पट्ट्या आणि बॉडीवाल्याच्या नावाच्या पाट्या, बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. त्यावर उठलेल्या पुटकुळ्या वरून पॉलिश करून जात नाहीत. जुना मुलामा उतरवून, खड्डे खोदून, तांबं भरत-घासत वर आणावं लागतं. हे करणारे थोडे आहेत आणि घाईत करणाऱ्याकडे दिलं तर अक्षरांच्या कडा गोल होऊन येतात.

वायरिंगवर बरेच जण हात टेकतात. कॅडिलॅकची वायरिंग एक, बॉडीवाल्याची दुसरी. पहिलीचा नकाशा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, दुसरीचा बहुधा कुठेच नसतो. रुग्णवाहिकेत सायरन, फिरते दिवे, आतले दिवे, मागचा हीटर असं सगळं त्या दुसऱ्या वायरिंगवर. फेडरल कंपनीचा क्यू प्रकारचा मोटरवर फिरणारा सायरन एकटा १०० अँपिअरच्या घरात विजेचा प्रवाह ओढतो. म्हणून साध्या गाड्यांत डायनामो असण्याच्या काळात रुग्णवाहिकांत लीस-नेव्हिल कंपनीचे मोठे अल्टरनेटर बसवत. पुढे कुणीतरी अल्टरनेटर काढून साधा बसवतो आणि सायरन तसाच ठेवतो. मग एकदा बटण दाबलं की हेडलाइट पिवळे पडतात आणि जुन्या कापडी आवरणाच्या वायरी तापतात. सायरनला स्वतंत्र जाड केबल, बॅटरीजवळ फ्यूज आणि मूळ पद्धतीचा सोलेनॉइड (जास्त प्रवाह जोडणारा विजेचा स्विच), एवढं केल्याशिवाय बटणाला हात लावू नये. बाकीच्या वायरी एकेक करून तपासायच्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची. कंटाळवाणं काम आहे, पण सरसकट सगळं कापून नवीन टाकणाऱ्याला टेबलाची मोटर आणि दाराचे दिवे पुन्हा कधी चालवता येत नाहीत.

आता कमी किलोमीटरचा मोह. शववाहिनीचं मीटर चाळीस वर्षांत अगदी थोडं फिरलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण ते कसं फिरलं ते महत्त्वाचं. चर्च ते दफनभूमी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मग अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभी. इंजिन पूर्ण तापतच नाही, ऑइलमध्ये पाणी साचतं, इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये काळा चिखल होतो, सायलेन्सर आतून कुजतो. टपेट कव्हर उघडलं की खरी कहाणी कळते. अशा इंजिनात लगेच जोरदार सफाईचं ऑइल टाकू नये. सुटलेला चिखल पंपाच्या जाळीत अडकून ऑइलचं प्रेशर जातं. आधी चेंबर उतरवून हाताने साफ करावा. रुग्णवाहिकेचं उलट: इंजिन थंड असतानाच पळवलेली, पण पुरेशी तापलेली. गिअरबॉक्सला मात्र दोन्ही कामं सारखीच कठीण. गायक नील यंगच्या १९४८ च्या ब्यूइक शववाहिनीने १९६५ मध्ये कॅनडातल्या ब्लाइंड रिव्हर गावी गिअरबॉक्स टाकूनच प्राण सोडला. त्याला ती गाडी आवडायची त्याचं कारण व्यवहारी होतं: शवपेटीच्या रुळांवरून ॲम्प्लिफायर सहज सरकत.

ब्रेकवर दुमत असायचं कारण नाही. कॅडिलॅकने दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर १९६२ मध्ये दिला. त्याआधीच्या गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, आणि इथे वजन तीन टनांच्या आसपास आहे. सगळे रबरी होस, सगळे व्हील सिलिंडर आणि सगळे लोखंडी पाइप बदलायचे. दिसायला चांगला म्हणून एकही ठेवायचा नाही. पाइप सेडानच्या लांबीचे पुरत नाहीत, कापून-जोडून घ्यावे लागतात. जोड कॉम्प्रेशन फिटिंगचा चालत नाही, टोक दुहेरी दुमडून नटानेच जोडायचा. टायर मोटारीचे नकोत, हलक्या ट्रकचे हवेत. एलटी २३५/७५ आर १५ हा माप बहुतेकांना जुळतो. साध्या टायरवर ही गाडी वळणावर मागून डोलते, आणि लोक उगाच शॉक ॲब्सॉर्बर बदलत बसतात.

लिमोझिनची गोष्ट वेगळी, कारण तिथे खरोखर कापाकापी असते. कॅडिलॅकची स्वतःची ७५ मालिका कारखान्यातूनच लांब यायची, ती या हिशोबात धरू नये. पण शिकागोच्या लेमन-पीटरसनने १९६० च्या दशकात लिंकन कॉन्टिनेंटल मधोमध कापून ३४ इंच वाढवली, १२६ इंचांचा व्हीलबेस १६० झाला. हेस अँड आयझेनहार्टने राष्ट्राध्यक्ष केनेडींची १९६१ ची उघडी लिंकन अशीच सुमारे साडेतीन फूट लांबवली. ती आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. नामांकित कारागिराची आणि गल्लीतल्या गॅरेजची लिमोझिन ओळखायला गाडी जॅकवर घ्यायची नाही, सपाट जमिनीवर उभी करून चारही दारं उघडायची आणि परत लावायची. मधे झोळ आला असेल तर मागची दारं घासतात. मग खाली जाऊन जोडाची वेल्डिंग बघायची: सरळ आडवा छेद देऊन जोडलेला असेल तर गाडी सोडून द्यावी, पायऱ्यांसारखा किंवा तिरका छेद, त्यावर आतून-बाहेरून जाड पट्ट्या असतील तर काम जाणकाराचं. विशिष्ट वेगाला फरशीतून थरथर आली तर चाकं बॅलन्स करण्याआधी प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग आणि क्रॉसचे कोन तपासावेत.

ब्रिटनमध्ये या सगळ्याचं उलटं चित्र. तिथे १९३० ते ५० च्या दरम्यान जुन्या रोल्स-रॉइस स्वस्तात मिळत. बॉडी जुनाट झाली तरी चॅसिस मजबूत, म्हणून अंत्यविधीवाले त्या घेऊन त्यांवर शववाहिनीची बॉडी चढवत. पुढे हौशी लोकांनी त्याच गाड्यांवरची शववाहिनी उतरवून फेकली आणि उघड्या टूररची नवी बॉडी बसवली. आज चकचकीत दिसणाऱ्या कितीतरी टूरर अशा मधल्या जन्मातून गेल्यात. ती मधली बॉडी नसती तर चॅसिस युद्धकाळातच भंगारात गेलं असतं, तरी शववाहिनी म्हटली की काढून टाकायचीच, हा हट्ट मला पटत नाही.

अमेरिकेत या गाड्या संपल्या त्या दोन धक्क्यांनी. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने अपघातग्रस्तांच्या वाहतुकीची दुरवस्था मांडली, आणि १९७४ पासून सरकारी मापदंड आले. ठेंगण्या छपराखाली वाकून उपचार करणं त्यात बसेना, काम व्हॅन आणि ट्रकवर गेलं. मग १९७७ मध्ये कॅडिलॅकने चॅसिसच आखूड केलं, १५७.५ वरून १४४.५ इंच. मिलर-मीटिअरने १९७९ मध्ये शटर ओढलं. जुन्या गाड्यांची जाड फ्रेम बघून लोकांनी त्या गाड्या आदळण्याच्या शर्यतींत घातल्या. जुन्या गाड्या जपणाऱ्यांची प्रोफेशनल कार सोसायटी १९७६ मध्ये निघाली, ती वेळेवरच म्हणायची.

कागदपत्रांत दोन नंबर बघायचे. १९५९ च्या कॅडिलॅकच्या नंबरात ५९ नंतर झेड अक्षर म्हणजे कमर्शिअल चॅसिस. दुसरं अक्षर असेल तर ती नंतर कुणीतरी सेडानची केलेली आहे. दुसरा नंबर बॉडीवाल्याच्या पाटीवरचा. १९८४ च्या एका विनोदी भुताटकी चित्रपटात मिलर-मीटिअरची १९५९ ची कॉम्बिनेशन पांढरी-लाल होऊन चमकली, तेव्हापासून सुपीरिअरच्या गाडीलाही मिलर-मीटिअर म्हणून विकायची पद्धत पडलीय. इतिहासाचा दावा असेल तर आणखी सावध. डॅलसमधून केनेडींची शवपेटी विमानतळावर नेणारी, १९६४ च्या मॉडेलची मिलर-मीटिअर शववाहिनी २०१२ मध्ये १,६०,००० डॉलरची बोली मिळवून गेली. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टनमधली केनेडींची रुग्णवाहिका म्हणून एक १९६३ ची पॉन्टिअॅक लिलावात आली, तिच्यावर जाणकारांनी उघड आक्षेप घेतला. दावा मोठा असेल तर जुने फोटो आणि गाडी समोरासमोर ठेवून खिडकीची चौकट, दाराचं हँडल, दिव्यांची जागा एकेक जुळवायची.

आणि घेण्याआधी जागा मोजा. गाडी २१ फूट, मागचं दार बाहेर उघडतं त्याला आणखी चार फूट, बाजूने पेटी चढवायची गाडी असेल तर दोन्हीकडे दारापुरती जागा. विकणारे म्हणतात ते दोन गाड्यांचं गॅरेज यात लांबीला कमीच पडतं.